रावण आधी, राम मागून



रेवसला आमच्या आत्याकडे परवा गीतरामायण लागलं होतं. आधी हनुमंताची थोरवी गाऊन झाली. मग सीतेचं लग्न लागलं. त्यानंतर दशरथाला पायसदान मिळालं, पुढे रावणाचा वध झाला, आणि मग कुठे अयोध्येत रामाचा जन्म! सेतू बांधला गेला तो त्याच्याही नंतर, पलीकडे मारायला कुणी उरलंच नव्हतं तेव्हा. सेतूचं आम्हा रेवसकरांना एवढं नवल नाही. रेवस समोरच्या करंजाला जोडणाऱ्या पुलाबद्दल आम्ही अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकतो आहोत. आत्या मात्र वैतागली. "अरे, हे रामायण कुणी लिहिलंय?" म्हणाली.

लिहिलं होतं माडगूळकरांनीच, आवाजही सुधीर फडक्यांचाच. क्रम तेवढा यंत्राने लावलेला. माझ्या आत्तेभावाने जुन्या लॅपटॉपला हार्डडिस्क जोडून घरातच एक म्युझिक सर्व्हर उभा केला आहे. कॅसेटी, सीडी, सगळ्या गाण्यांच्या फाइली त्यात. घरातल्या वायफायवरून फोनवर किंवा टीव्हीवर हवं ते लावायचं. सोय मोठी छान. पण गाण्यांचा क्रम सांगणारं काही सापडलं नाही की सर्व्हर नावं बघतो आणि हजेरीपटासारखी अकारविल्हे लावून मोकळा होतो. द आधी, मग भ, मग र, मग स. म्हणजे 'दशरथा, घे हे पायसदान', 'भूवरी रावणवध झाला', 'राम जन्मला ग सखी', 'सेतू बांधा रे सागरी'. नावं इंग्रजी लिपीत टाकली तरी रावण रामाच्या आधीच मरतो, करून पाहा.

आता कुणी म्हणेल, कथा तर सगळ्यांना पाठ आहे, त्या क्रमाने लावा की. तेही चालत नाही. गीतरामायणातलं पहिलं गाणं कथेतलं पहिलं नाहीच. कुश आणि लव रामापुढे बसून रामाचीच कथा गातात, तिथून सुरुवात होते. म्हणजे सीतात्याग होऊन मुलं मोठी झाली, तेव्हाचा हा प्रसंग. आणि शेवटच्या, छप्पन्नाव्या गाण्यात वाल्मीकी त्याच मुलांना रामापुढे कसं गायचं ते सांगतात. कथेच्या हिशेबाने छप्पन्नावं गाणं पहिल्याच्या आधीचं! हा क्रम ना यंत्राला ओळखता येईल, ना रामायण कोळून प्यालेल्या माणसाला. तो कुणीतरी लिहूनच ठेवावा लागतो.

पुणे आकाशवाणीवर हा प्रश्न कधी आलाच नसेल, कारण तिथे क्रम पंचांगाने सांभाळला होता. १ एप्रिल १९५५, रामनवमी, त्या दिवशी पहिलं गीत लागलं. आठवड्याला एक, असं पुढच्या रामनवमीपर्यंत, १९ एप्रिल १९५६ पर्यंत. वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणून गाणीही बावन्न व्हायची होती. पण त्या साली अधिक भाद्रपद आला, वर्ष लांबलं आणि गाणी छप्पन्न झाली. ऐकणाऱ्याला पुढचं गाणं आधी ऐकण्याची सोयच नव्हती. आठवडाभर थांबायचं.

फाइलींच्या जगात क्रमांकाला जागा मिळाली तीसुद्धा मागाहून. एमपीथ्री फाइलीत गाण्याबरोबर थोडी माहिती लिहिलेली असते, तिला टॅग म्हणतात. १९९६ साली हा टॅग निघाला तेव्हा तो सगळा मिळून १२८ बाइटचा होता. त्यात नावाला ३०, गायकाला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३०. गाणं कितवं, हे लिहायला जागाच ठेवली नव्हती! वर्षभराने शेऱ्याच्या तीसमधले शेवटचे दोन बाइट काढून घेतले, तेव्हा क्रमांकाची सोय झाली. देवनागरीत नाव लिहिण्याची आणि कितव्या तबकडीतलं गाणं हे सांगण्याची सोय त्याच्या पुढच्या आवृत्तीतली.

तबकडीचा आकडा किरकोळ समजू नका. फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातला संच दहा तबकड्यांचा. प्रत्येक तबकडी एकपासून सुरू केली आणि तबकडीचा क्रमांक घातला नाही, तर आधी दहाच्या दहा 'पहिली' गाणी वाजतात, मग सगळी 'दुसरी'. सरळ उपाय हा की तबकड्या विसरायच्या आणि एक ते छप्पन्न सलग आकडे द्यायचे. आम्ही तेच केलं. एमपीथ्रीटॅग नावाचा फुकट प्रोग्राम आहे. फाइली हव्या त्या क्रमाने ओढून लावल्या की तो आकडे एकदम भरतो. आकडे मात्र इंग्रजी घाला, देवनागरी आकडे बहुतेक सर्व्हरना कळत नाहीत. आणि अल्बमचं नाव सगळ्या फाइलींत अक्षरशः एकच हवं. आमच्याकडे 'गीत रामायण' सुटं, 'गीतरामायण' जोडून आणि इंग्रजी स्पेलिंगं दोन, असे मिळून चार अल्बम दिसत होते.

रेडिओवरचं मूळ गीतरामायण ज्यांच्याकडे आहे त्यांचा घोळ आणखी वेगळा. त्यात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, राम फाटक असे कितीतरी गायक. काही सर्व्हर गायकागणिक अल्बम फोडतात आणि एका रामायणाची डझनभर रामायणं करून ठेवतात. त्यासाठी टॅगमध्ये 'अल्बम आर्टिस्ट' म्हणून वेगळी जागा असते, तिथे सगळीकडे एकच नाव घालायचं. गायकाच्या जागी गायक राहू द्यावा; माणिकबाईंचं नाव पुसून क्रम लावण्यात काय अर्थ आहे?

एवढं करून टीव्हीवर पाहिलं तर जैसे थे. सर्व्हर आपली यादी एकदा करून ठेवतो, ती पुन्हा करायला त्याला सांगावं लागतं. फाइलीची जुनी तारीख तशीच ठेवून टॅग बदलला असेल, तर काही बदललं हे त्याला कळतही नाही. यादी पुन्हा केली, तेव्हा फोनवर रामायण सरळ लागलं. टीव्ही तरी ऐकेना. काही टीव्ही सर्व्हरने पाठवलेला क्रम बाजूला सारून नावांप्रमाणेच लावतात. मग गाण्याच्या नावाआधीच आकडा घातला, तोही दोन अंकी: ०१, ०२ असा. नुसता १ घातला तर एकामागून दहा येतो आणि दोन जातो पार विसाच्या आसपास. आकडे लावलेली नावं कुरूप दिसतात, हे मान्य. आत्याला त्याचं काही नाही, ती टीव्ही लावून स्वयंपाकघरात असते.

छप्पन्न गाण्यांचं काम एका दुपारचं आहे. पण ते हातात घेण्याआधी फोनवरचं शफलचं बटण बंद आहे ना, ते बघून घ्या.