परदेशी शिक्षणाचा मेळा: जाण्याआधी विचारायचे प्रश्न

कामं उरकून रेडिओजवळ बसला असाल. आज आपण बचतीवर किंवा कर्जाच्या हप्त्यांवर बोलणार नाही. आज बोलायचं आहे परदेशी शिक्षणाच्या मेळ्यावर. तुम्ही म्हणाल, हा विषय आपल्यात कुठून आला? तर तो आमच्या गटाच्या बैठकीतच आला.

दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्या एका ताईंनी गटाकडे वीस हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, मुलीला परदेशात शिकायला पाठवायचंय, नाव नोंदवायचे पैसे आठ दिवसांत भरायचे आहेत. जिल्ह्याच्या गावी हॉलमध्ये मेळा भरला होता, तिथल्या माणसानं सांगितलं, जागा थोड्याच उरल्यात. मुलगी बारावी झालेली, हुशार. आम्ही सगळ्या गप्प. नाही म्हणावं तर मुलीच्या शिक्षणाला आडवं आल्यासारखं होतं. हो म्हणावं, तर आम्हाला त्यातलं काहीच कळत नव्हतं. शेवटी ठरलं की आठ दिवस थांबू आणि आधी माहिती काढू.

माहिती काढताना आम्ही पोचलो कोरियात! आपल्या मुली मोबाइलवर ज्या देशाच्या मालिका बघतात आणि गाणी ऐकतात, तोच दक्षिण कोरिया. असे मेळे तिथे कितीतरी वर्षांपासून भरतात. त्यांनी आधी जे भोगलं, ते आपल्याला आता उपयोगी पडू शकतं.

कोरिया हा जेमतेम पाच कोटींचा देश. शिक्षणाचं तिथे भारी वेड. बारावीच्या शेवटी, नोव्हेंबर महिन्यात एक मोठी परीक्षा असते. त्या दिवशी कचेऱ्या उशिरा उघडतात, म्हणजे मुलांना रस्त्यात गर्दी लागू नये. उशीर झालेल्या मुलाला पोलीस गाडीत घालून केंद्रावर सोडतात. इंग्रजी ऐकण्याची परीक्षा चालू असते तेवढा वेळ विमानंसुद्धा उडत नाहीत की उतरत नाहीत. आया शंभर शंभर दिवस आधीपासून देवळात, चर्चमध्ये प्रार्थना करतात. शाळा सुटली की मुलं रात्रीपर्यंत खासगी क्लासला. अशा ठिकाणी आईबापांच्या मनात येणारच की, या धावपळीपेक्षा लेकराला बाहेर पाठवलेलं बरं.

हे परदेशी विद्यापीठांनी बरोबर ओळखलं. सोल ही कोरियाची राजधानी. तिथे गंगनम भागात कोएक्स नावाचं मोठं प्रदर्शन केंद्र आहे. तिथे असे मेळे भरतात. आपल्याकडे बचत गटांच्या मालाचं प्रदर्शन असतं ना, तसेच ओळीनं स्टॉल. फक्त इथे पापड-लोणच्यांच्या जागी विद्यापीठं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, प्रत्येकाचा फलक, रंगीत पुस्तिका, कोरियन बोलणारा दुभाषा. तिकडे शिकून आलेला एखादा मुलगाही स्टॉलवर उभा करतात, म्हणजे आईबापांना भरवसा वाटतो. प्रवेश बहुधा फुकट, फक्त आधी नाव नोंदवायचं. मग नाव, फोन, मार्क, कुठल्या देशात जायचं, हे सगळं लिहून घेतात.

आता आपण प्रदर्शनात स्टॉल लावतो तेव्हा भाडं भरतो, टेम्पो करतो, आणि ते पैसे मालातून वसूल करतो. मग विमानानं येऊन, भाडं भरून बसलेलं विद्यापीठ काय नेतं? ते नेतं आपल्या मुलांची नावं आणि फोन नंबर. घरी परतल्यावर जे फोनवर फोन येतात, ते त्यातूनच. परदेशी मुलांकडून बहुतेक ठिकाणी देशातल्या मुलांपेक्षा जास्त फी घेतात. म्हणून एवढा खर्च त्यांना परवडतो.

विद्यापीठ आणि घर यांच्यामध्ये असतो एजंट. कोरियात अशा एजन्सीला ‘युहाकवोन’ म्हणतात. ‘युहाक’ म्हणजे परदेशात शिकणं. पुष्कळ विद्यापीठं अशा एजंटाला कमिशन देतात. पहिल्या वर्षाच्या फीच्या शंभर रुपयांमागे दहा-पंधरा रुपये, कधी त्याहूनही जास्त. अमेरिकेचा कायदा तर ऐकण्यासारखा आहे. सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना देशातली मुलं भरती करण्यासाठी माणशी कमिशन देता येत नाही, कारण त्यात मुलांची फसवणूक होते. पण बाहेरच्या देशातल्या मुलांना ते संरक्षण नाही. त्यांच्यासाठी कमिशन चालतं.

बाजार समितीत आपण कांदा नेतो. आडत्याचं पोट कुणाच्या पैशावर चालतं, हे बघितलं की तो कुणाच्या बाजूनं बोलेल ते आपल्याला कळतं. इथेही तसंच. सगळे एजंट वाईट नसतात, कागदपत्रांना त्यांची मदतही होते. पण ज्या कॉलेजाकडून कमिशन मिळतं, ते कॉलेज तो आधी दाखवणार, एवढं आपण धरून चालायचं.

कोरियातल्या घरांनी याची मोठी किंमत मोजली. तिथे एक शब्द आहे, ‘गिरोगी आप्पा’. गंमत बघा, कोरियन भाषेतही वडिलांना आप्पाच म्हणतात! गिरोगी म्हणजे लांब लांब उडत जाणारा रानहंस. मुलं लहान असतानाच इंग्रजी शिकण्यासाठी आई त्यांना घेऊन परदेशात राहणार, आणि आप्पा एकटे कोरियात राहून पैसे पाठवणार. वर्षातून एकदा-दोनदा भेट. ज्या आप्पांकडे भरपूर पैसा ते गरुड आप्पा, हवं तेव्हा उडून जाणारे. आणि ज्यांना तिकिटाचेही पैसे उरत नाहीत ते पेंग्विन आप्पा, कारण पेंग्विनला उडता येत नाही. ऐकताना हसू येतं. पण एकटं जेवणारा तो बाप आणि परक्या देशात एकटीनं लेकरं सांभाळणारी ती बाई डोळ्यांसमोर आणली, की हसू जातं.

2006 साली एका वर्षात पहिली ते बारावीची 29 हजारांहून जास्त मुलं अशी कोरियाबाहेर गेली होती. उच्च शिक्षणासाठी बाहेर असलेल्यांचा आकडा 2011 मध्ये 2 लाख 62 हजारांवर गेला. मग तो उतरू लागला. खर्च झेपेना. परत आलेल्यांना पूर्वीसारखी हमखास चांगली नोकरी मिळेना. शिवाय कोरियात मुलंच कमी जन्माला येऊ लागली. आता तर उलटंच झालंय. कोरियाची स्वतःची कॉलेजं रिकामी पडू लागली आहेत, आणि 2027 पर्यंत बाहेरची 3 लाख मुलं आपल्याकडे आणायची असं त्यांच्या सरकारनं 2023 मध्ये ठरवलं.

आणि जे परदेशी स्टॉलवाले कोरियात जात होते, त्यांचं लक्ष आता भारताकडे आहे. अमेरिकेत 2023-24 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांत आपला देश पहिला आला, 3 लाख 31 हजारांवर मुलं. म्हणून मेळे आता आपल्या शहरांत भरतात. कॅनडात 2023 मध्ये काय झालं तेही लक्षात ठेवा. एजंटानं दिलेली प्रवेशाची पत्रं खोटी निघाली आणि भारतातल्या कितीतरी मुलांवर परत पाठवण्याची वेळ आली. त्यातल्या अनेकांना पत्र खोटं आहे हे माहीतही नव्हतं.

हे सगळं समजल्यावर आमच्यातल्या दोघी त्या ताईंबरोबर मेळ्यातल्या माणसाकडे गेल्या. वहीत प्रश्न लिहून नेले होते. तुम्हीही लिहून घ्या.

पहिला प्रश्न, तुम्हाला पैसे कोण देतं, कॉलेज की आम्ही? दुसरा, कॉलेजच्या स्वतःच्या वेबसाइटवर तुमचं नाव आहे का? ऑस्ट्रेलियात तर कॉलेजनं आपल्या एजंटांची यादी जाहीर करायची, असा नियमच आहे. तिसरा, फी सोडून राहणं, खाणं, विमा, तिकीट धरून सगळा खर्च किती? चौथा, व्हिसा नाकारला तर किती पैसे परत, आणि हे कागदावर लिहून देणार का? पाचवा, गेल्या वर्षी गेलेल्या मुलीशी आम्हाला एकांतात बोलता येईल का?

पहिल्या प्रश्नाला त्यानं हसून उत्तर टाळलं. चौथ्याला म्हणाला, असं लिहून देत नाही. आणि ज्या कॉलेजचं नाव त्यानं सांगितलं, त्याच्या वेबसाइटवर त्याच्या एजन्सीचं नाव सापडलं नाही. ताईंनी पैसे भरले नाहीत.

मुलगी चार दिवस कुणाशी बोलली नाही. अजूनही आमच्यावर थोडी रुसलेलीच आहे. तिचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. बाबासाहेब 1913 मध्ये अमेरिकेला शिकायला गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. शिकायला लांब जाणं हे आपल्याला परकं नाही. पण वाट स्वतः तपासून जायचं. तिला आम्ही सांगितलंय, इथे पदवी कर, आणि कॉलेजं तू स्वतः शोध. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. बँकेचं शैक्षणिक कर्ज घ्यायचं तर केंद्राच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. मोठ्या कर्जाला बँक बहुधा तारण मागते, म्हणजे घर किंवा जमीन. त्यामुळे सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून हिशेब करायचा, आईनंसुद्धा.

आमच्या गटानं आता नियम केलाय. अशा कामाला कर्ज मागितलं तर आधी प्रवेशाचं पत्र कॉलेजकडून थेट खात्री करून आणायचं. फी कॉलेजच्या खात्यावर जाईल, कुणा माणसाच्या खात्यावर नाही. मूळ मार्कशीट कुणाच्या हाती द्यायची नाही. आणि ‘उद्या जागा संपणार’ असं कुणी म्हटलं, तर त्या दिवशी पैसे भरायचे नाहीत.

गेल्या बैठकीला त्या ताई पाचही प्रश्न कोऱ्या कागदावर उतरवून घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, शेजारच्या गावातल्या माझ्या बहिणीच्या मुलालाही असाच फोन आलाय. तुमच्याही घरी असा फोन आला असेल, तर पुढच्या बैठकीत तो विषय काढा.