घरफोडी कोणाची?

(पुसेगाव, जि. हिंगोली येथे ‘लालबाग परळ’ या चित्रपटाच्या खेळानंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आताच आपण महेश मांजरेकर यांचा २०१० सालचा ‘लालबाग परळ’ हा चित्रपट पाहिला. पडद्यावर पिस्तूल निघाले तेव्हा मागच्या बाजूने शिट्ट्या झाल्या. घर सावरू पाहणारी आई दिसली तेव्हा सभागृह शांत होते. शिट्ट्यांविषयी तक्रार करण्यास मी उभा नाही. विशीतल्या मुलाने शिट्टी वाजवायची नाही तर कोणी? परंतु पिस्तुलाकडे पाहता पाहता आपल्या नजरेतून एक मोठी चोरी निसटते, आणि तिच्याविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

आरंभी एक परदेशी गोष्ट सांगतो. मारिओ मोनिचेल्ली या दिग्दर्शकाने १९५८ साली इटलीत एक विनोदी चित्रपट काढला. त्याच्या नावाचा अर्थ आपल्या वर्तमानपत्री भाषेत सांगायचा तर ‘नेहमीचेच अज्ञात इसम’. रोममधील गरीब वस्तीतले काही भुरटे लोक सरकारी गहाणवटीच्या कचेरीतील तिजोरी फोडण्याचा बेत रचतात. त्यांच्यापैकी एकाची बायको तुरुंगात आहे, म्हणून तो तान्हे मूल काखेत घेऊन हिंडतो. तिजोरी कशी फोडावी याची शिकवणी ते एका वृद्ध चोराकडून घेतात. ठरल्या रात्री शेजारच्या रिकाम्या घरात शिरून भिंतीला भगदाड पाडतात, तो पलीकडे त्याच घराचे स्वयंपाकघर निघते! भिंतच चुकलेली. मग ही मंडळी तिथे ठेवलेले जेवण जेवतात आणि पांगतात. शेवटी त्यांतला एक जण पोलिसांना चुकवण्यासाठी कामाच्या फाटकापुढे उभ्या असलेल्या मजुरांच्या गर्दीत शिरतो, आणि रेटारेटीत फाटकाच्या आत ढकलला जातो. त्याच्यावर काम करण्याची पाळी येते.

प्रेक्षक हसतात. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्या फाटकाकडे नीट पाहावे. ते उघडे होते. युद्धातून सावरलेल्या इटलीत कारखाने वाढत होते, इमारती उठत होत्या, हातांना मागणी होती. म्हणून चोराची गोष्ट विनोदात संपू शकली.

लालबागच्या गोष्टीत फाटक बंद आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ आणि बोनस एवढीच ती मागणी नव्हती. बदली कामगारांना कायम करावे, आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला दिलेली प्रातिनिधिकत्वाची मक्तेदारी संपावी, हेही कामगार मागत होते. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विझत गेला, आणि बहुतांश कामगारांसाठी ते फाटक पुन्हा उघडले नाही.

दिवंगत जयंत पवार यांनी १९९७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘अधांतर’ या नाटकात त्या बंद फाटकामागचे घर दाखविले. आजचा चित्रपट त्याच नाटकावरून निघाला. धुरींच्या खोलीत एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एक क्रिकेटमध्ये जीव रमवतो, धाकटा टोळीत जातो. रूढ अर्थाने हा काही तिजोरी फोडण्याचा चित्रपट नव्हे. परंतु आपल्या मराठीत ‘घरफोडी’ हा मोठा विलक्षण शब्द आहे. भिंत फोडून वस्तू नेणे ही घरफोडी, आणि भिंत शाबूत ठेवून आतली माणसे फोडणे हीही घरफोडीच. पहिलीसाठी पोलीस चौकी आहे. दुसरीची फिर्याद कोठे नोंदवावयाची?

आता एक कबुली देतो. मी महाविद्यालयात अनेक वर्षे ‘आजारी उद्योग’ हा धडा शिकविला. १९८५ च्या कायद्याप्रमाणे साचलेला तोटा कंपनीच्या निव्वळ मालमत्तेइतका किंवा त्याहून अधिक झाला की ती कंपनी आजारी, ही व्याख्या मी फळ्यावर लिहीत असे आणि मुले ती पाठ करीत. त्या व्याख्येतला एक साधा प्रश्न मी कित्येक वर्षे विचारला नाही: ताळेबंदात जमीन कोणत्या किमतीने मांडलेली असते? ती मांडलेली असते खरेदीच्या किमतीने. परळ-लालबागची जमीन ज्या काळात घेतली त्या काळाच्या भावाने! कागदावर गिरणी मरणपंथाला लागलेली, आणि तिच्या पायाखाली जवळपास सहाशे एकर सोने. २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या काही गिरण्यांच्या जमिनी विकल्या, तेव्हा कोहिनूर मिल क्रमांक ३ ची जमीन ४२१ कोटींना आणि मुंबई टेक्स्टाईल मिलची ७०२ कोटींना गेली. ज्यांना आपण विद्यार्थ्यांपुढे ‘आजारी’ म्हणत होतो त्या गिरण्यांची ही किंमत. तो धडा अपुरा शिकविल्याची खंत मला आहे.

येथे कोणी म्हणेल, प्राध्यापकमहाशय, गिरण्या खरोखरच जुनाट झाल्या होत्या. हे खरे आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांनी त्यांचे कापड बाजारात मागे टाकले होते. अनेक मालकांनी नफा यंत्रांत घातला नव्हता. संप कोठे थांबवावा याचा हिशेब कामगार चळवळीलाही साधला नाही, हे आपण समाजवाद्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु उद्योग का मेला हा एक प्रश्न आहे, आणि मेल्यावर त्याचा वारस कोण हा अगदी निराळा. पहिल्या प्रश्नाचा गलबला करून दुसऱ्याचा निकाल गुपचूप लावण्यात आला.

तो कसा, ते सांगतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीची जमीन विकसित करावयाची तर तिचे तीन वाटे पडावेत: एक महापालिकेला मैदाने व उद्यानांसाठी, एक म्हाडाला सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची, म्हणजे जिच्यावर बांधकाम नव्हते तेवढ्याच जमिनीची. समजा, गिरणी तीस एकरांची आहे आणि चोवीस एकरांवर तिची बांधकामे आहेत. जुन्या नियमाने वीस एकर लोकांच्या वाट्याला आले असते. नव्या नियमाने वाटणीस उरली सहा एकर, आणि त्यांतही मालकाचा हिस्सा होताच. जुनी बांधकामे पाडली तरी त्यांखालची जमीन ‘मोकळी’ ठरत नाही! मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली या दुरुस्तीविरुद्ध निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि दुरुस्ती कायम राहिली.

रोमच्या त्या बिचाऱ्यांना रात्रभर घाम गाळून चुकीची भिंत फोडावी लागली. येथे भिंतीला हातही लावावा लागला नाही. राजपत्रातील काही शब्द बदलले, आणि ते दिवसाढवळ्या बदलले. मी या कृत्याला कायद्याच्या अर्थाने चोरी म्हणत नाही, म्हणता येणारही नाही. माझे म्हणणे एवढेच की जे कायदेशीर झाले ते न्याय्य झाले असे होत नाही. आणि येथे ‘अज्ञात इसम’ कोणीच नव्हते. सारे सहीशिक्क्यानिशी झाले.

परिणाम काय झाला? २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली तेव्हा घरे होती ६,९२५ आणि अर्ज सुमारे दीड लाख. २०२० साली आणखी ३,८९४ घरांची सोडत निघाली. कापड विणणाऱ्यांच्या हाती चिठ्ठ्या आल्या, त्याही नशिबाच्या. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, तेथे रोज हजारो नोकरदार येऊ लागले, पण त्यांना ये-जा करण्याचे जिने जुन्याच रुंदीचे राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे मेली. सार्वजनिक वाटा आखडता घेतला की त्याची किंमत कोठे तरी, कोणाला तरी चुकती करावी लागते.

आता तुम्ही विचाराल, परळच्या जमिनीशी पुसेगावचे काय नाते? गिरण्यांत कोकणातली आणि घाटावरची माणसे अधिक होती, मराठवाड्यातली कमी, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्या धाग्याचे एक टोक त्या गिरणीत होते, त्याचे दुसरे टोक आपल्यासारख्या काळ्या जमिनीतील कापसाच्या बोंडात होते. आज येथे सोयाबीन आणि हळद आहे, पण कापूस वेचलेले हात या सभेत बसले आहेत. कापूस पिकवणारा आणि कापड विणणारा एका सतरंजीवर कधी नीट बसले नाहीत, ही आपल्या चळवळीची जुनी उणीव आहे.

आणि दुसरे नाते अधिक निकडीचे आहे. पूर्वी जमिनीचा प्रश्न परळला होता, आता तो बांधापर्यंत येतो. २०२४ साली नागपूर ते गोवा या शक्तिपीठ महामार्गाची जी आखणी जाहीर झाली, तीत हिंगोली जिल्ह्याचेही नाव होते. रस्ता असावा की नसावा हा आजच्या भाषणाचा विषय नाही. पण अधिसूचनेत ‘जिरायत’ कशाला म्हटले आहे आणि ‘बागायत’ कशाला, विहिरीची नोंद आहे की नाही, हरकतीची मुदत किती दिवसांची आहे, हे न वाचणाऱ्या गावाची गत गिरणगावासारखी होण्यास वेळ लागत नाही. ‘मोकळी’ या एका शब्दाने तेथे काय केले, ते आपण पाहिले.

म्हणून शिट्ट्या वाजविणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना एकच विनंती. तुमच्यापैकी दहा जणांनी महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी, तलाठी कार्यालयातील सूचनाफलक आणि राजपत्रातील आपल्या तालुक्यासंबंधीचा मजकूर मिळवावा आणि तो या गावात मोठ्याने वाचून दाखवावा. समजला नाही तर मला बोलवा. माझे वय झाले आहे, पण बसभाडे अजून परवडते. मी येईन.