बाळाला पाठीवर निजवा

(माता-बालक आरोग्य मेळाव्यातील भाषण)



रात्री अंगावर पिऊन झोपलेले धडधाकट बाळ सकाळी उठत नाही. ताप नाही, आजार नाही. शवविच्छेदन होते, जागेची पाहणी होते, तरी कारण सापडत नाही. एक वर्षाच्या आतील अशा मृत्यूला डॉक्टर 'सडन इन्फंट डेथ सिंड्रोम', थोडक्यात 'सिड्स' म्हणतात. हे मृत्यू बहुतेक सहा महिन्यांच्या आत, त्यातही दोन ते चार महिन्यांच्या वयात होतात. आपल्याकडे अशा वेळी 'दृष्ट लागली', 'आईचे लक्ष नव्हते' असे बोलले जाते. मूल गेल्याचे दुःख थोडे म्हणून की काय, त्या माउलीच्या पदरी दोषही येतो. म्हणून आम्ही हा विषय निवडला आहे.

आता एक इतिहास ऐका. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरील पुस्तक घरोघरी वाचले जाई. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यात बाळाला पालथे निजवण्याचा सल्ला होता. उताणे बाळ ओकले तर गुदमरेल, हे त्यामागचे कारण. हेतू चांगला होता, पण सल्ला तपासलेला नव्हता. लाखो आयांनी तो विश्वासाने पाळला. पुढे न्यूझीलंड आणि ब्रिटनमधील अभ्यासांनी पालथ्या झोपेतला धोका दाखवून दिला. ब्रिटनच्या दूरदर्शन निवेदिका अ‍ॅन डायमंड यांचे बाळ १९९१ मध्ये असेच गेले. त्यांनी दुःख गिळून आवाज उठवला आणि त्याच वर्षी डिसेंबरात तेथे 'पाठीवर निजवा' ही मोहीम सुरू झाली. थोड्याच वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. अमेरिकेत १९९० मध्ये दर लाख जन्मांमागे सुमारे १३० असलेले प्रमाण २०२० मध्ये सुमारे ३८ वर आले. २००५ च्या एका अभ्यासाने मात्र हेही दाखवले की, १९७० पर्यंतचा पुरावा वेळीच एकत्र तपासला असता तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक बाळे वाचू शकली असती.

असे का होते? १९९४ मध्ये फिलियानो आणि किनी या संशोधकांनी तीन गोष्टी मांडल्या: बाळातील न दिसणारा नाजूकपणा, वाढीचा कसोटीचा काळ आणि बाहेरचा ताण. श्वास अडला की बाळाला जाग येते, ते मान वळवते. काही बाळांच्या मेंदूतील ही जागे करणारी यंत्रणा कमी पडते. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हाती नाहीत. तिसरी पुष्कळशी आहे.

म्हणून बाळाला दिवसा-रात्री, प्रत्येक झोपेला पाठीवर निजवा. कुशीवर नको, कारण ते सहज पालथे होते. उताणे असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे ओकलेले दूध श्वासनलिकेत सहसा जात नाही. अंथरूण सपाट आणि घट्ट असावे. बारशाला आलेली मोहरीची उशी, जाड गोधडी, मऊ खेळणी झोपेच्या वेळी बाजूला ठेवा. घरात झोपताना टोपडे-कुंची, शेगडीचा शेक यांनी बाळाला तापवू नका. कमी वजनाच्या बाळाला किती ऊब द्यावी, ते डॉक्टरांना विचारा. निदान सहा महिने बाळ आईच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर असावे. विडी-सिगारेटचा धूर गरोदरपणीही नको आणि नंतरही नको. दारू प्यालेल्या माणसाने बाळाजवळ झोपू नये. अंगावर पाजा, लसी वेळेवर द्या. जागेपणी मात्र नजरेसमोर बाळाला थोडा वेळ पालथे ठेवा. मानेत बळ येते.

एवढे करूनही एखादे बाळ जाऊ शकते. तेव्हा त्या आईला जाब विचारू नका, तिच्याजवळ बसा.

विद्यार्थी मित्रहो, सल्ला आजीचा असो की नामवंत डॉक्टरांचा, 'याला पुरावा काय?' हे नम्रपणे विचारायला शिका. तो प्रश्न उशिरा विचारला गेला, म्हणून हजारो पाळणे रिकामे झाले. आज घरी जाल तेव्हा शेजारच्या बाळंतिणीला एवढे एकच वाक्य सांगा: बाळाला पाठीवर निजवा.