वाफसा येऊ द्या

जुलै लागला की डॅलसच्या आसपास राहणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या गप्पा दोनच विषयांवर येतात: भारताची तिकिटं आणि बाग जळाली का. तिकिटांचं मी काही करू शकत नाही. आज बागेबद्दल बोलतो. सुरुवात करतो ती माझ्या हातून मेलेल्या झाडापासून.

आमच्याकडे कुंडीत एक कढीपत्ता होता. आईने तिच्या मागच्या मुक्कामात इथल्याच एका मैत्रिणीच्या झाडाचं बी लावून तो वाढवला होता. आता गुडघ्यांमुळे तिला इतका लांबचा प्रवास झेपत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सस गोठलं, वीज गेली, तेव्हा आम्ही ती कुंडी दिवाणखान्यात आणली आणि झाडाला चादर गुंडाळून आठवडा काढला. थंडीतून ते वाचलं. नंतरच्या उन्हाळ्यात ते मी मारलं, आणि तेही काळजी घेऊन.

झालं असं की रोज दुपारी चारला मी खिडकीतून बघायचो, तर पानं मान टाकलेली. लगेच पाइप घेऊन बाहेर. तरी दुसऱ्या दिवशी तेच. मग आणखी पाणी. ऑफिसच्या कामाने बाहेरगावी जायचं होतं म्हणून टायमर लावला, रोज दहा मिनिटं. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली, गळली, खोड बुडाशी मऊ झालं.

आईला फोनवर दोन आठवडे काही सांगितलं नाही. शेवटी तिनेच विचारलं, "कढीपत्ता दाखव की." सांगावंच लागलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कुंडीखालची ताटली काढली होतीस का? वाफसा येऊ दिलास का?"

ती परभणीकडच्या शेतकरी घरातली. वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होतो, पण अर्थ तेव्हा कळला. जमिनीत पाणी आणि हवा दोन्ही बेताने आहेत, हाताला चिखल लागत नाही पण ओल जाणवते, ती अवस्था म्हणजे वाफसा. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतली प्रत्येक पोकळी पाण्याने भरून राहिली की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणून झाड पाण्यात उभं असूनही मान टाकतं. आपल्याला वाटतं तहान लागली, आणि आपण आणखी पाणी घालतो.

तेव्हा पहिला नियम: दुपारी कोमेजलेलं झाड बघून धावू नका. कडक उन्हात पानांतून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळं त्या वेळी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं झुकतात. संध्याकाळी सावरली तर ठीक आहे. सकाळीही झुकलेली असली तर मातीत बोट दोन पेरं खुपसून बघा. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर थांबा.

आता जमिनीबद्दल. प्लेनो, मॅकिनी या भागात परसात खणलं की जी काळी, चिकट माती लागते ती आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या मातीची जवळची नातलग आहे. आपली बेसाल्टपासून झाली, इथली चुनखडकापासून, पण मृदाशास्त्रात दोन्ही ‘व्हर्टिसॉल’ या एकाच गटात येतात. दोन्हीकडे कापूस पिकला. ओली झाली की फुगते, सुकली की आकसते आणि उलते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या भिंतींना तडे जातात तेही बऱ्याचदा यामुळेच. म्हणून उन्हाळ्यात पायाभोवतीची माती झिरपत्या पाइपने एकसारखी ओलसर ठेवतात. भिजवायची मात्र नाही.

ही माती पाणी हळू पिते. स्प्रिंकलर सलग वीस मिनिटं चालवला तर निम्मं पाणी रस्त्यावर वाहतं. त्यापेक्षा सात-सात मिनिटांच्या तीन फेऱ्या करा, मध्ये अर्धा-एक तास सोडा. हिरवळीला आठवड्याला साधारण एक इंच पुरतं. ते मोजायला गवतावर रिकामे डबे ठेवा आणि किती भरले ते पट्टीने बघा. पाणी पहाटे द्या. आपल्या अनेक शहरांत उन्हाळ्यात सकाळी १० ते संध्याकाळी ६ स्प्रिंकलरला मनाई असते, आणि आठवड्याचे वारही ठरलेले असतात. आपल्या शहराचा नियम बघून घ्या.

भाज्यांच्या वाफ्यावर दोन-तीन इंच पालापाचोळ्याचं किंवा लाकडाच्या भुश्याचं आच्छादन घाला, खोडापासून थोडं लांब. टोमॅटोला फुलं येतात पण फळ धरत नाही, म्हणून खत वाढवू नका. रात्रीचं तापमान ७५ फॅरनहाइटच्या खाली उतरत नसेल तर फळधारणा नीट होत नाही. त्यांना सावलीची जाळी बांधा, आणि जुलैत नवी रोपं लावून शरद ऋतूत टोमॅटो खा. आत्ता भेंडी, गवार, चवळी, मायाळू लावलेली असतील तर ती या उन्हात खूश असतात. भेंडी मात्र दर दोन दिवसांनी तोडा, नाहीतर काठी होते.

कुंड्यांना दुपारी दोननंतर सावली द्या. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत मुळं अक्षरशः शिजतात. पाणी तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला, आणि ताटलीत साठलेलं ओतून टाका.

भारतात जाणार असाल तर कुंड्या घराच्या पूर्वेला एकत्र ठेवा आणि टायमरपेक्षा शेजाऱ्याला किल्ली द्या. आम्ही चार घरांनी अदलाबदल ठरवली आहे: जूनमध्ये मी त्यांची तुळस बघतो, जुलैत ते माझी झाडं बघतात. माणूस बोट खुपसून बघतो. टायमरला बोट नसतं.

आणि हो, नवीन कढीपत्ता आणला आहे, इथल्याच नर्सरीतून. भारतातून रोप किंवा बी सामानात आणू नका. परवान्याशिवाय त्याला परवानगी नाही. दर रविवारी आईला व्हिडिओवर तो दाखवतो. ती आधी पानं बघत नाही. म्हणते, "कॅमेरा खाली घे, कुंडीचं बूड दाखव."

ताटली नाही हे बघते, आणि मग बाकीच्या गप्पा सुरू होतात.