पत्रिकेवरची दोन नावं

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

व्यासपीठावरच्या माझ्या गुरुजनांनो, आणि गुडघे दुखत असूनही खुर्ची नको म्हणून सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

कार्यक्रमपत्रिका हातात पडल्यापासून तीन-चार जणांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारलाय. शेवटच्या ओळीत ‘स्वागतगीत’ असं लिहून पुढे दोन नावं छापली आहेत. एक माझं, दुसरं तिचं. ती जाऊन दोन वर्षं झाली. मग ही छपाईची चूक का? एकीने तर ‘अगं, नावाआधी कै. तरी घालायचं’ असंही सुचवलं. चूक झालेली नाही. नावं तशी छापायला मीच सांगितलं होतं. का, ते बोलायला संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी सॉफ्टवेअरमधली आहे; आमच्याकडे दहा मिनिटांची पंधरा होतात, सर रागावू नका.

‘हम आपके हैं कौन’ 5 ऑगस्ट 1994 ला आला. आपण तेव्हा नववीत. पवनेच्या पाण्यावरून पाऊस असा यायचा की समोरचा तिकोणा आठ-आठ दिवस दिसायचा नाही. सिनेमा बघायला लोणावळ्याला कोण नेणार? भातलावणी आटपून घरचे नुकते कुठे टेकलेले. पण तिच्या मामांनी पिंपरीहून कॅसेट आणली. चौदा गाणी! लाइट गेलेली, टेपरेकॉर्डर सेलवर. सेल उतरायला लागले की लताबाईंचा आवाज लताबाईंचा राहायचा नाही. मग सेल काढून चुलीच्या कडेला ठेवायचे आणि पुन्हा घालायचे. तेवढ्यात अर्धं गाणं निघायचं. त्या अर्ध्या अर्ध्या गाण्यांवरून तिने सगळ्या चाली शाळेच्या पेटीवर बसवल्या. मधल्या सुट्टीत, डबा न खाता.

कॅसेटच्या कागदावर लिहिलेलं होतं, संगीत : रामलक्ष्मण. त्यावरून आमचं भांडण झालं. मी म्हटलं, हा एकच माणूस असणार, आपल्या गावात नाही का रामकृष्ण असतात? ती म्हणाली, छे, हे दोघं आहेत, एकट्याला एवढ्या चाली सुचतीलच कशा? पैज लागली एका पेरूची. गुगल नव्हतं, त्यामुळे पैज तशीच राहिली.

तिचा निकाल मला 2021 च्या मे महिन्यात लागला. 22 मे रोजी नागपूरला विजय पाटील यांचं निधन झालं आणि त्यांच्यावरचे लेख मी वाचले. वडिलांकडे आणि काकांकडे गाणं शिकलेला हा नागपूरचा माणूस. सुरेंद्र नावाच्या जोडीदाराबरोबर त्यांनी संगीत द्यायला सुरुवात केली आणि दादा कोंडक्यांनी दोघांना हेरलं. 1975 च्या ‘पांडू हवालदार’ला या जोडीचं संगीत. रामलक्ष्मण हे नावही दादांनीच दिलेलं. सुरेंद्र राम आणि विजय लक्ष्मण. पुढच्याच वर्षी राजश्रीचा ‘एजंट विनोद’ मिळाला, म्हणजे हिंदीचं दार उघडलं. आणि तो सिनेमा पडद्यावर यायच्या आतच, 1976 मध्ये, राम गेले.

आता लक्ष्मणाने काय करावं? विजय पाटील हे नाव काही वाईट नव्हतं. पण त्यांनी रामलक्ष्मण हेच नाव ठेवलं. पुढे पंचेचाळीस वर्षं जगले, त्याच नावाने काम केलं, आणि 2018 चा महाराष्ट्र शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार जाहीर झाला तेव्हाही लोकांना ओळख पटली ती याच नावाने. म्हणजे आमच्या पैजेत मीही बरोबर होते आणि तीही. पेरू कुणी कुणाला द्यायचा, ते ठरवायला तेव्हा ती होती. फोनवर हसली आणि म्हणाली, ‘अर्धा अर्धा.’

तुम्ही म्हणाल, यात धंद्याचा हिशोब नव्हता का? असेलही. मराठी प्रेक्षकाला नाव ओळखीचं झालेलं, राजश्रीने काम दिलं तेही त्या नावाला. पण नावाने घर चालत नाही. ‘एजंट विनोद’ 1977 चा, ‘मैने प्यार किया’ 1989 च्या डिसेंबरचा. मधल्या बारा वर्षांत ‘तराना’सारखे काही सिनेमे झाले, 1981 च्या ‘हमसे बढकर कौन’मधलं रफीसाहेब, आशाबाई वगैरेंनी गायलेलं गणपतीचं गाणं तर आपल्या आळीच्या मंडळात दर वर्षी वाजतं, आणि ते यांचं आहे हे मलाही परवापर्यंत माहीत नव्हतं. तरी पहिल्या रांगेत त्यांना कुणी धरत नव्हतं. मग सूरज बडजात्यांचा तो पहिला सिनेमा आला आणि फिल्मफेअर मिळालं. पारितोषिक घ्यायला एकच माणूस, नाव दोघांचं.

जोडीदार गेल्यावर नाव चालू ठेवणारे ते पहिले नव्हेत. 1971 मध्ये जयकिशन गेले, तरी शंकर शेवटपर्यंत शंकर-जयकिशन या नावानेच संगीत देत राहिले. आणि इंजिनियरिंगनंतर मी ज्यांची गाणी हेडफोनवर ऐकत कोड लिहिलं, त्या दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’चं मला फार वाटतं. बँड सुरू करणाऱ्यांपैकी असीम चक्रवर्ती 2009 च्या नाताळाला गेले. ते तबला वाजवत वाजवत गायचे. 2010 मध्ये ‘16/330 खजूर रोड’ हा अल्बम आला, त्यात असीमदांचा आधी ध्वनिमुद्रित केलेला आवाज आहे. नाव म्हणजे ते जिथे सराव करत त्या जुन्या घराचा पत्ता. आणि त्यांच्या जागी पुढे माणसं घेतली ती दोन, एक तबल्याला, एक गायला. एका माणसाची जागा भरायला दोघं लागले, हे त्या बँडने लपवलं नाही.

पण रामलक्ष्मणांच्या गोष्टीत मला एक गोष्ट खुपते. नाव राहिलं, सुरेंद्र राहिले का? आज कुणालाही विचारा, रामलक्ष्मण म्हणजे ‘मैने प्यार किया’वाले. राम कोण होते, कोणती चाल त्यांची, पेटीवर कोण बसायचं, कुणाला ठाऊक? मीही इतकं वाचूनही ‘सुरेंद्र’ याच्या पलीकडे फारसं सांगू शकत नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बरं असतं. प्रत्येक ओळ कुणी लिहिली याची तारखेसकट नोंद असते. माणूस नोकरी सोडून जातो, कधी जगही सोडून जातो, पण रात्री दोन वाजता सिस्टीम पडली की त्याचं नाव समोर येतं. बहुतेक वेळा शिव्या द्यायलाच, पण येतं.

म्हणून आज नुसतं नाव छापून मी गप्प बसणार नाही. ऐका.

आपल्या शाळेत पाहुणे आले की जे स्वागतगीत म्हणायचे, त्याची चाल तिची होती. मराठीच्या बाईंनी शब्द दिले, तिने दोन दिवसांत चाल लावली. आधी तिसरं कडवं तिने फार उंच नेलं होतं. माझा आवाज तिथे फाटायला लागला तेव्हा तिने माझ्यासाठी ते खाली आणलं. मी तालुक्याच्या स्पर्धेत पहिली आले ते या गाण्यावर. प्रमाणपत्रावर एकटीचं नाव होतं, माझं. पेटीवाल्याला बक्षीस नसतं म्हणाले. मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. कामशेतहून परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती, आणि ते प्रमाणपत्र भिजू नये म्हणून तिने स्वतःच्या दप्तरात, वह्यांच्या मधे ठेवलं. मला त्या दिवशी काही वाटलं नाही. दहावीनंतर मी पुण्याला गेले, ती इथेच राहिली, लग्न झालं, पेटी सुटली. पुढे माझ्या प्रत्येक अर्जात ‘गायनात प्रथम क्रमांक’ ही ओळ असायची.

ती आजारी असताना भेटायला गेले तेव्हा प्रमाणपत्राचा विषय मी काढला. ती म्हणाली, ‘कुठलं गं?’ तिला खरंच आठवत नव्हतं, की मला सोडवलं, मला आजही सांगता येणार नाही.

तर सर, पत्रिकेवरची दोन्ही नावं बरोबर आहेत. पेटीवर आज तुम्ही बसताय. शाळेची तीच पेटी आहे, भात्याला डाव्या कोपऱ्यात भोक आहे, ती तिथे तळवा दाबून धरायची. पट्टी तेव्हा काळी पाच होती. आता मला काळी तीन द्या. आणि तिसऱ्या कडव्याला वर जाऊ नका, तिथे तिने खाली आणलंय.