दुष्काळांतील साह्य आणि स्वावलंबन
(मंडळाच्या सभेंत झालेलें भाषण)



आपल्या औदार्याचा जमाखर्च या अहवालांत दिलेलाच आहे. त्याबद्दल आभार मानून एक प्रश्न आपणांपुढें ठेवण्याची आम्ही अनुज्ञा मागतों: आपण दिलेला पैसा दुष्काळ सरल्यावर गांवांत कोणत्या रूपानें शिल्लक राहतो?

उपाशी माणसाला स्वावलंबनाचा उपदेश करणें ही क्रूर थट्टा होय. वृद्ध, आजारी, गरोदर स्त्रिया व मुलें यांना अन्न विनाअट मिळालेंच पाहिजे. १८७७ सालीं सरकारनें साह्यकामांवरील मजुरी घटविली, तेव्हां हजारों लोक कामें सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. स्वावलंबनाचें नांव सांगून साह्य कमी करूं नये, हा धडा तेव्हांचाच आहे.

धडधाकट माणसाला मात्र भिक्षा नको असते. काम हवें असतें. १९७२-७३ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत एका वेळीं सुमारें ५० लक्ष माणसें साह्यकामांवर होतीं. त्या कामांनीं असंख्य प्राण वांचले, आणि पुढें १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. परंतु रस्त्याच्या कडेला फोडून ठेवलेल्या खडीनें कोणाच्याही शेतांत ओल आली नाहीं.

याच दुष्काळानंतर पुण्याचे अभियंते व कारखानदार विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं देवस्थानची सुमारें ४० एकर ओसाड जमीन कराराने घेतली. उतारावर बांध घातले, खालीं पाझर तलाव केला, त्याच्या खालच्या अंगास विहीर खणली, आणि तिचें पाणी उपसून वर शेतांना दिलें. या प्रयोगांतून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम थोडे, पण कडक. पाणी जमिनीच्या मानानें नव्हे, तर घरांतील माणसांच्या मानानें, माणशीं अर्ध्या एकरापुरतें मिळावयाचें. भूमिहीनालाही वांटा. ऊस लावावयाचा नाहीं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाहीं. आणि योजनेच्या खर्चाचा पांचवा हिस्सा शेतकऱ्यांनीं स्वतः उभारावयाचा.

या पांचव्या हिश्श्यांतच सारें मर्म आहे. ज्यानें स्वतःचा पैसा घातला, तो पाटकऱ्याकडून हिशेब मागतो आणि बांध फुटला तर सरकारची वाट पाहत बसत नाहीं. परंतु उरलेले चार हिस्से त्याच्या आवांक्याबाहेरचे होते. ते अनुदान व कर्ज यांनीं भरून निघाले. स्वावलंबन म्हणजे एकटेपणा नव्हे. हात ज्याचे त्याचे. परंतु कुदळ, बियाणें आणि पहिलें भांडवल त्याला कोणी तरी दिलें पाहिजे.

म्हणून व्यापारी बंधूंस आमची विनंति अशी कीं, त्यांनीं बियाणें, अवजारें व कडबा यांसाठीं बिनव्याजी रकमा द्याव्या. जमीनदारांस विनंति अधिक कठीण आहे: आपल्या उतारांवर बांध घालूं द्यावे, आणि अडलेल्या पाण्यांत भूमिहीन शेजाऱ्याचा वांटा मान्य करावा. ज्या गांवीं एकाच्या उसानें विहिरीचा तळ दिसतो, तेथें दुसऱ्यास स्वावलंबनाचा उपदेश कोणत्या तोंडानें करावा?

अन्नछत्र चालू राहीलच, तें बंद करण्याचा विचार नाहीं. परंतु आपल्या देणगीचा कांहीं भाग अशा कामीं लागावा कीं, पुढच्या अवर्षणांत हींच कुटुंबें आमच्या दारीं याचक म्हणून न येतां दुसऱ्या गांवास साह्य करणारीं म्हणून येतील. याहून मोठें व्याज कोणत्याही पेढीवर मिळावयाचें नाहीं.