परसांतला पाहुणा

उन्हाळ्याची सुटी लागली कीं आमच्या अकोल्याच्या घरीं नातवंडांचा मेळा जमतो. अकोलें म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यांतलें, प्रवरेच्या कांठचें; वऱ्हाडांतलें अकोला नव्हे. घरामागें परस आहे आणि परसाच्या कुंपणापलीकडे ऊंस. सकाळीं नदीवर जावें, दुपारीं आंब्याखालीं खाट टाकून सातभाईंचा कलकलाट ऐकावा, हौदावर पाणी प्यावयास येणारें मुंगूस दबा धरून पाहावें, असा आमचा क्रम. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर; प्राण्यांविषयीं मुलांना जें सांगत आलों, तें बहुतेक पुस्तकांतलें.

2025 च्या जूनांत आम्ही सारे काजवे पाहावयास भंडारदऱ्यास गेलों. 1926 सालीं पुरें झालेलें तेथील धरण आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. परंतु पावसाळ्याच्या तोंडावर, दोन-तीन आठवडेच, घाटघरच्या वाटेवर रात्रीं जें दिसतें तें निराळेंच. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे इतके बसतात कीं, सबंध झाड उजळतें आणि विझतें. नर व मादी या प्रकाशानेंच एकमेकांस शोधतात. पण त्या रात्रीं मोटारींची रांग लागली होती. दिव्यांचा झोत पडला कीं झाड काळें होई. थोरली नात म्हणाली, "आबा, दिवे मालवा ना, ते बोलताहेत." आम्हीं दिवे मालविले. मागच्या मोटारवाल्यानें भोंगा वाजविला.

घरीं परतलों तेव्हां रात्रीचे दोन वाजले होते. मोत्या भुंकला नाहीं. चोरचिलटांच्या भीतीनें जातांना मीच त्यास परसांत साखळीनें बांधून ठेविलें होतें. साखळी खुंट्यास होती, टोकाशीं तुटलेला पट्टा होता, आणि हौदाजवळच्या ओल्या मातींत पंजाचे ठसे. ज्या ठशांत नखें उमटत नाहींत तो कुत्र्याचा नव्हे, हें मुलांना मींच शिकविलें होतें. धाकट्या नातवानें कंदिलाच्या उजेडांत निरखून पाहिलें, "बिबट्या," असें म्हटलें, आणि मग तो रडूं लागला. साखळी कोणी बांधली, हें त्यानें विचारलें नाहीं.

सकाळीं शेजारची मंडळी जमली. वनखात्याकडे अर्ज करावा, पिंजरा लावून बिबट्या धरावा व दूर रानांत सोडून द्यावा, असें सर्वांचें मत. मींही लेखणी हातीं घेतली होती. परंतु विद्या अत्रेय या संशोधक बाईंनीं आमच्याच तालुक्यांत केलेलें काम मला आठवलें. स्वयंचलित कॅमेरे लावून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पाहणी केली, ती 2013 सालीं प्रसिद्ध झाली. दर 100 चौरस किलोमीटरांत सुमारें 5 बिबटे आणि जवळजवळ तितकेच तरस, आणि तेही रानांत नव्हे, दर चौरस किलोमीटरास 300 हून अधिक माणसें राहतात अशा शेतमळ्यांत! त्यांच्या आहारांत गांवच्या कुत्र्यांचा भाग फार मोठा. म्हणजे बांधलेला मोत्या हें मींच वाढून ठेविलेलें ताट होतें.

दुसरी गोष्ट याहून विचार करण्याजोगी. जुन्नरकडे बिबट्यांचे माणसांवरील हल्ले 1993 ते 2001 या काळांत वर्षास सरासरी 4 होते. धरलेले बिबटे तेथील रानांत आणून सोडूं लागल्यावर पुढील दोन-तीन वर्षांत ते 17 वर गेले. अनोळखी मुलखांत सोडलेलें जनावर बिथरतें, आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरें येऊन घेतें. डोंगरांतले महादेव कोळी बांधव वाघबारसेस वाघोबाची पूजा करितात. त्यास मी पूर्वीं अडाणीपणा म्हणत असें. आतां म्हणत नाहीं.

मीं अर्जावर सही केली नाहीं. कांहीं शेजारी अद्यापि माझ्याशीं मोकळेपणानें बोलत नाहींत, आणि त्यांस मी सर्वस्वीं दोष देऊं शकत नाहीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत आपल्याच जिल्ह्यांत, कोपरगांव तालुक्यांत, बिबट्यानें माणसांचे बळी घेतले. तें वृत्त वाचून मीं दोन रात्रीं झोंप घेतली नाहीं. माणसावर येणारें जनावर आवरलेंच पाहिजे; पण कुत्रें नेणारें प्रत्येक जनावर तसलें असतें काय?

या उन्हाळ्यांत मुलें पुनः आलीं. आंब्याखालची खाट दिवे लागण्यापूर्वीं घरांत येते. मुलांस तें रुचत नाहीं. परसांत रात्रभर दिवा असतो. नवें पिलूं संध्याकाळीं पडवींत घेऊन दार लावून घेतों. साखळी माळ्यावर टाकली आहे. हौदाजवळची माती मुलें रोज तिन्हीसांजेपूर्वीं हातानें सपाट करून ठेवितात आणि सकाळीं तोंड धुण्याआधीं पाहावयास धांवतात. आतांपर्यंत मुंगूस, मांजर, आणि एकदां मोर.